जळालेल्या गाडीचे चार प्लग

१

"प्लगचा पाना दे! लांबडा, नळीसारखा!"

"हा घे!"

"तेजस, हा सायकलचा पंप आहे."

"मग तोंडानं नीट सांग ना! घाम डोळ्यांत जातोय माझ्या!"

"तोंडानंच सांगतेय! नाकानं नाही!"

"भांडा, भांडा," दारातून डिंपल फिस्कारली. "वॉचमनचं घोरणं थांबलं की तुमचं भांडण माझे आबाच येऊन सोडवतील!"

दोघांनी कान टवकारले. बाहेरून घोरण्याचा आवाज आला. बरं वाटलं.

दुपारचे दोन वाजले होते. एप्रिल संपता संपता जळगावचं ऊन असं तापतं, की कुत्रीसुद्धा गटारातून उठत नाहीत. मेहरूणमधल्या रतिलालभाऊंच्या केळीच्या वखारीमागे पत्र्याची शेड होती, शेडमध्ये ताडपत्री होती आणि ताडपत्रीखाली ती गाडी होती. जुनी फियाट. अठरा दिवसांपूर्वीपर्यंत ती लाल होती. आता तिला रंगच नव्हता. ड्रायव्हरच्या सीटच्या फक्त स्प्रिंगा उरल्या होत्या. दिपमालानं त्या बाजूला एकदाही पाहिलं नाही.

दिपमाला धुळ्याची, नुकतीच आठवी संपलेली. तेजस तिचा मावसभाऊ, भडगावचा, वय अकरा, तोंड चोवीस तास चालू. दरवर्षी सुट्टीत दोघं लीलाधरनानांकडे जळगावला यायचे. नाना म्हणजे दोघांच्याही आयांचे वडील आणि जुन्या गाड्यांचे मिस्तरी. डिंपल शेजारच्या गल्लीतली, सुट्टीतली मैत्रीण. आणि रतिलालभाऊंची नात. ही जळालेली गाडी तिच्याच आजोबांची होती.

गाडी चालवत होता प्रेमराजमामा. नानांचा मुलगा. यावलजवळ सातपुड्याच्या चढावर चाचणी चालली होती. बॉनेटखाली भडका उडाला, आणि मामा गाडीतून बाहेर आला तेव्हा

(हे वाक्य दिपमालानं मनातसुद्धा कधी पुरं केलं नव्हतं.)

"म्हाताऱ्यानं ताकदीच्या नादात पेट्रोल जास्त सोडलं," रतिलालभाऊ गावभर सांगत होते. "कार्बोरेटर उतू गेला. पोटच्या पोराला भाजलं!"

सगळ्यांत वाईट म्हणजे नानांनी ते मान्य केलं होतं. हात जोडून. "मना कान गेला," एवढंच ते म्हणाले. गाड्या ते कानानंच जुळवायचे. त्या दिवसापासून गॅरेजचं शटर खाली. रोज दुपारी ते डबा घेऊन दवाखान्यापर्यंत चालत जायचे, फाटकाशी लिंबाखाली उभे राहायचे, डबा कुणाच्या तरी हाती आत पाठवायचे आणि परत यायचे. अठरा दिवसांत त्यांनी एकदाही मुलाचं तोंड पाहिलं नव्हतं. "कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणायचे.

दिपमालाला एवढंच हवं होतं. नानांनी आत जावं.

आणि तिला एक गोष्ट खटकली होती. रतिलालभाऊ या गाडीला पोरीसारखं जपायचे. मग ती जळाल्यावर कुणाला दाखवलीसुद्धा नाही! दुसऱ्या मिस्तरीला नाही, कुणालाच नाही. उद्या रविवारी जुन्या गाड्यांची फेरी, आणि सोमवारी ही गाडी थेट भंगारात. एवढी घाई कशाची?

"पहिला निघाला!" ती पुटपुटली. "आता तिसरा."

"दुसरा कुठे गेला? गणितात नापास झालीस का?"

"इंजीन असंच पेटतं, येड्या. एक, तीन, चार, दोन. नाना प्लग याच क्रमानं काढतात."

(ही गोष्टही त्याच क्रमानं पुढे जाते. आकडे पाहून छापखान्याला दोष देऊ नका.)

चौथाही निघाला. दोन नंबरचा मात्र हलेना. दिपमालानं पाय रोवून पान्यावर सगळा जोर दिला. कर्रर्र! निघाला.

बाहेरचं घोरणं थांबलं.

"पळा!" डिंपल ओरडली.

"एक मिनिट!" दिपमालाची नजर खाली, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपाकडे गेली. पंपाच्या तोंडावर लोखंडी क्लिप होती, आणि क्लिपमध्ये काहीतरी काळं, थिजलेलं अडकलं होतं. रबर जळल्यावर असं दिसत नाही. तिनं क्लिप ओढून खिशात टाकली, ताडपत्री सोडली आणि मागच्या खिंडारातून अंग काढलं.

"कोण ए तिकडे?"

"मांजर!" तेजस पळता पळता ओरडला.

"मांजर बोलतं का, मूर्खा!" दिपमालानं त्याला फरफटत नेलं.

३

गॅरेजच्या मागच्या अंगणात तिघं धापा टाकत बसले. आत नाना भिंतीकडे तोंड करून बाजेवर पडले होते.

त्यांच्या डोक्याशी, खिळ्याला, हातभर रबरी नळी लटकत होती. नानांचं खरं हत्यार तेच. गाडीला हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्बोरेटर असले, की दोघांनी सारखीच हवा ओढायला हवी. एकानं जास्त ओढली की इंजीन लंगडतं. लोक त्यासाठी घड्याळासारखी यंत्रं आणतात. नाना नळीचं एक टोक कानात घालायचे, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचे आणि डोळे मिटायचे. इकडून सूंऽऽ. तिकडून सूंऽऽ. स्क्रू केसभर फिरवला की दोन्ही सूर एक.

लाल गाडीला त्यांनी एकाच्या जागी दोन कार्बोरेटर बसवले होते. आत जाणाऱ्या हवेसाठी दोन भोंगे स्वतःच्या हातानं घडवले होते. पेट्रोल जिथून येतं ते जेटचं भोक, सुईच्या नेढ्याएवढं, किंचित मोठं केलं होतं. "हवा जास्त, पेट्रोल जास्त, ताकद जास्त," ते दिपमालाला शिकवायचे. "पन दोन्हीचा संसार जमना पाहिजे. पेट्रोल जास्त झालं की प्लगचं तोंड काळं. हवा जास्त झाली की पांढरं फटक. आणि जमलं की..."

"बिस्किट," दिपमाला आता पुटपुटली.

तिनं पहिला प्लग फडक्यानं पुसला. बाहेरून तो कोळसा झाला होता. पण प्लगचं टोक इंजिनाच्या पोटात असतं. बाहेरची आग तिथवर पोचत नाही. तिनं ते टोक उन्हात धरून निरखलं.

"तेजस, वही काढ. लिही."

तेजसनं लिहिलं. ते पान असं होतं :

*प्लग १. बिस्किट.*
*प्लग ३. बिस्किट.*
*प्लग ४. बिस्किट.*
*प्लग २. बिस्किट, थोडं जास्त भाजलेलं. पण बिस्किटच.*
*निकाल : नाना पास.*

"म्हणजे पेट्रोल जास्त नव्हतंच!" डिंपल म्हणाली. मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे आबा खोटं..."

"थांब. हे बघू आधी." दिपमालानं खिशातून क्लिप काढली.

गॅरेजमधल्या जुन्या पेट्रोलच्या नळीचा एक तुकडा तिनं चिमट्यात धरला आणि मेणबत्तीवर नेला. काळा धूर निघाला, घाण वास आला, रबर चुरा होऊन गळून पडलं. मग क्लिपमधला काळा थेंब. तो जळलाच नाही. आधी चकाकला, मग वितळला, मग टप, टप, जमिनीवर पडला. वास आला तो विझलेल्या मेणबत्तीसारखा.

डिंपल एकदम उभी राहिली.

"हा वास मला माहितीय! आमच्या मळ्यात जुन्या ठिबकच्या नळ्या जाळतात ना, अस्साच!"



ठिबकची नळी! खान्देशात ती कुठे नसते? केळीला पाणी देते ती, पण कूलरला तीच, मोरीला तीच, वाळत घालायची दोरी तुटली तर तिथेही तीच. काही अडलं की लोक म्हणतात, लाव ठिबकची नळी, काम भागतं. पण पाण्याच्या नळीत पेट्रोल? आणि तेही तापलेल्या इंजिनाला चिकटून?

"दिपू," डिंपलचा आवाज बारीक झाला. "पांढऱ्या गाडीलाही... आबांची दुसरी फियाट, उद्याच्या फेरीतली. मळ्यात, आग लागली त्याच दिवशी, दोन्ही गाड्यांच्या नळ्या बदलल्या. मी नंतर पाहिल्या. काळ्या, बारीक. आणि उद्या मी त्या गाडीत बसणार आहे! झेंडा घेऊन!"

"आत्ता घरी जा! सांग त्यांना!"

"सांगते. सांगून लगेच फोन करते."

दिपमाला चारही प्लग घेऊन आत गेली. "नाना, बघा ना. बिस्किट आहेत. चारही. तुमचा कान नाही गेला!"

नानांनी मान वळवली नाही. "ठेव तठे," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले समजावू नको, बेटा."

संध्याकाळ झाली. दिवे लागले. डिंपलचा फोन आला नाही. दिपमालानं सात वेळा लावला. बंद.

४

रविवारी सकाळी सात वाजता मेहरूण तलावाच्या काठी बावीस जुन्या गाड्या ओळीनं उभ्या होत्या. फुलांच्या माळा, पताका, बँड. इथून पारोळ्यावरून धुळे, आणि तिथे लळिंगच्या चढावर शर्यत. पाहुण्यांचं भाषण चाललं होतं, आणि ते संपायचं नाव घेत नव्हतं.

बावीसपैकी एकवीस गाड्या बंद होत्या. पांढरी फियाट मात्र धडधडत होती.

"तापलेली गाडी बंद केली की परत चालू व्हायला नखरे करते," रतिलालभाऊ शेजारच्याला सांगत होते. "राहू दे चालू."

दिपमाला आणि तेजस सायकल टाकून धावले. मागच्या सीटवर झेंडा घेऊन डिंपल बसली होती. डोळे सुजलेले.

"डिंपल! उतर!"

"आबा म्हणाले, नळी बदलली," ती खिडकीतून कुजबुजली. "फोन काढून घेतला माझा. पण बदलली म्हणाले."

"कधी? कुणी बदलली?"

डिंपलनं चोरून आजोबांकडे पाहिलं. तेवढ्यात रतिलालभाऊंनी दिपमालाला पाहिलं.

"मिस्तरीची नात ना तू? कालपासून माझ्या पोरीच्या डोक्यात काय भरवतेस? चल, हट!"

"भाऊ, बॉनेट उघडा! एकदाच!"

"आता तू शिकवणार मला? तुझ्या आज्यानं एक गाडी जाळली, तेवढं पुरे!"

माणसं वळून पाहू लागली. इंजीन धडधडत होतं. किती वेळ झाला? वीस मिनिटं? नळी किती मऊ झाली असेल?

तेवढ्यात तेजस पुढे झाला. चेहऱ्यावर असा भाव, की साक्षात गरीब गाय.

"भाऊ, एक फोटो? शाळेत दाखवीन! केवढी भारी गाडी! तुम्ही असे समोर उभे राहा ना, बॉनेटवर हात ठेवून!"

रतिलालभाऊंचा राग निम्मा उतरला. त्यांनी टोपी सारखी केली आणि बॉनेटपाशी जाऊन उभे राहिले. "नीट काढ. पताका दिसली पाहिजे."

"दिसेल, दिसेल! थोडं डावीकडे! अजून थोडं..."

आणि तेजस उघड्या दारातून आत! किल्ली फिरली. इंजीन गप्प झालं. किल्ली उपसून पोरगं सुसाट निघालं ते थेट काठावर.

"धरा त्याला!"

"जवळ आलात तर किल्ली गाळात!" तेजसनं हात पाण्यावर धरला. त्याचं तोंड चालूच होतं. "आधी बॉनेट! मग किल्ली! मग हवं तर माझा कान!"

भाषण थांबलं. गर्दीतून इंदिराबाई पुढे आल्या. फेरीच्या प्रमुख त्याच. तीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं होतं. त्यांच्यापुढे आमदाराचा ड्रायव्हरसुद्धा सीटबेल्ट लावायचा.

"काय प्रकार आहे, रतिलालभाऊ?"

"काही नाही हो, पोरांचा चावटपणा."

"मग बॉनेट उघडायला काय हरकत आहे?"

रतिलालभाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. बॉनेट उघडलं. गरम हवेचा लोट अंगावर आला. दिपमाला वाकली. तिथेच होती ती. काळी, बारीक, इंजिनाच्या अंगाला लागून लोंबलेली. मध्ये एक भोक होतं. शेतात तिथे थेंब पडायची सोय असते. ते एका बारीक प्लास्टिकच्या खुंटीनं बुजवलेलं होतं.

"ही बघा!" तिनं बोट लावलं, आणि नळी उकडलेल्या शेंगेसारखी दबली.

फट्!

खुंटी उडाली. पेट्रोलची चिळकांडी तिच्या बाहीवर उडाली आणि तिथून, इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या लोखंडावर. चर्रर्र! पांढरा वाफारा वर आला.

सगळे मागे सरले. कुणीतरी डिंपलला खेचून बाहेर काढलं. एक क्षण, दोन क्षण. वाफारा विरला. आग लागली नाही. इंजीन बंद होतं. कुठे ठिणगी नव्हती.

"चालू असतं तर?" इंदिराबाई हळूच म्हणाल्या. डिंपलकडे पाहून त्यांनी पुढचं गिळलं.

रतिलालभाऊंचा चेहरा माती झाला होता. "बदलायची राहिली," ते म्हणाले. "वाटलं, इतके दिवस चालली... आज काय होतंय..."

"आबा, तुम्ही मला बदलली म्हणालात," डिंपल म्हणाली. बस, एवढंच.

मग टाळ्या वाजल्या. इंदिराबाईंनी आपल्या गळ्यातला हार काढून दिपमालाच्या गळ्यात घातला. "शाबास, पोरी! बावीस गाड्यांच्या मालकांना जे दिसलं नाही, ते तुम्हा पोरांना दिसलं! आणि तू रे, किल्लीवाल्या, इकडे ये, तुझा कान मीच धरते!" लोक हसले. पाठी थोपटल्या गेल्या.

त्या गलक्यात दिपमाला रतिलालभाऊंपाशी गेली. "आता सांगा सगळ्यांना. नानांची चूक नव्हती. लाल गाडीलाही हीच नळी होती."

"होती," रतिलालभाऊ म्हणाले. खाली बघतच. "मी म्हणालो, लाव. पण लावली प्रेमराजनं. स्वतःच्या हातानं. विचार त्याला."

टाळ्या अजून वाजत होत्या. दिपमालाला त्या ऐकू आल्या नाहीत.

२

आता कुणाला काय सांगायचं?

दुपारी दवाखान्याच्या फाटकाशी, लिंबाखाली, नाना डबा घेऊन उभे होते. तेजसला घेऊन आलेल्या दिपमालानं चारही प्लग त्यांच्या हातावर ठेवले. या वेळी त्यांनी पाहिले. एकेक उन्हात धरून, डोळे बारीक करून. बराच वेळ.

"कोनी वाचले?"

"मी."

"बरोबर वाचले," नाना म्हणाले. "मी बी एवढंच वाचतो." नानांच्या तोंडून आजवर कुणी एवढी स्तुती ऐकली नव्हती. मग त्यांनी विचारलं, "मंग काय जळालं?"

"पेट्रोलच्या नळीच्या जागी ठिबकची नळी होती, नाना."

"कोनी लावली?"

दिपमालानं त्यांचा हात धरला. "आत चला. मामा सांगेल."

नानांचे पाय पायरीशी अडले. मग एक पायरी चढले. मग दुसरी.

वॉर्डात पंखा करकरत होता. मामाचे दोन्ही हात कोपरापर्यंत बँडेजनं पांढरे. डोकं, खांदे, गळा, छाती, एक गाल, सगळं पांढरं. बापाला दारात पाहून त्यानं डोळे मिटून घेतले.

"नाना," त्याचा आवाज घासल्यासारखा येत होता. "नळी मी लावली."

नानांनी दाराची चौकट धरली.

"मळ्यात रबरी नळी फुटली. दुसऱ्या गाडीचीही चिरलेली. भाऊ म्हणाले, अर्ध्या तासात पाहुणे येतील, चढ चढून दाखव. जळगावला जाऊन नळी आणायची तर दोन तास. समोर ठिबकचं भेंडोळं पडलेलं. आपण कूलर, मोरी, बठ्ठं तर तिनंच जोडतो, नाना. एका तुकड्याला भोक होतं. खुंटी मारली."

"तुले सांगेल व्हतं ना मी, पेट्रोलले पाण्याची नळी नको?"

"सांगितलं होतं. लहान होतो तेव्हापासून." मामानं श्वास घेतला. "चार दिवस घशात नळ्या होत्या. बोलता आलं तेव्हा कळलं, तुम्ही सगळं आपल्या अंगावर घेतलंय. मग... मग धीर झाला नाही. तुम्ही येत नव्हता ना, बरं वाटायचं. आलात तर सांगावं लागेल म्हणून."

नानांचा हात वर गेला. दिपमालाला वाटलं, आता मारतात. तेजसनं डोळे झाकले.

हात तसाच हवेत राहिला. डोक्यावर ठेवायला जागा नव्हती. हातावर नव्हती, खांद्यावर नव्हती. म्हाताऱ्याची नजर बँडेजवरून फिरत खाली खाली गेली आणि चादरीबाहेर आलेल्या पावलावर थांबली. पाय भाजला नव्हता.

नाना पलंगाच्या पायथ्याशी बसले. त्यांनी मुलाच्या पायाचा अंगठा मुठीत धरला.

"मीच चुकलो असतो तं बरं व्हतं, पोऱ्या," ते म्हणाले. "म्हातारा चुकला तं एक दुकान बंद. तुना हात..."

मामा रडत होता. डोळे पुसायला हात नव्हते, म्हणून दिपमालानं पुसले. आपण चूक केली की बरोबर, तिला कळत नव्हतं. तेवढ्यात मामानं तिच्याकडे पाहिलं आणि जरा मान हलवली. बरोबर केलंस, असं.

नर्स दारात आली. "भेटायची वेळ संपली. चला, आजोबा."

नाना उठले नाहीत.

"सिस्टर," मामा म्हणाला, "ते एकोणीस दिवसांनी आलेत."

नर्सनं त्यांच्याकडे पाहिलं, मुठीतल्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.